ओळखलंस का, असं विचारू नकोस

वेवजी, ता. तलासरी
१२ सप्टेंबर २०२१

मिथुनला संगिताकडून.

तुझं पत्र पोचलं. चारच ओळी आहेत, पण अक्षर तुझंच वाकडंतिकडं आहे, म्हणजे हात धड आहेत. बोट समुद्रातल्या हद्दीच्या रेषेपलीकडे गेली आणि सगळे खलाशी धरले, एवढंच ओख्याच्या शेठनं फोनवर सांगितलं होतं. तू कराचीच्या तुरुंगात आहेस, जिवंत आहेस, दोन वेळा जेवतोस, हे तुझ्या हातचं वाचलं तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला.

मच्छीमार संघटनेचे भाऊ म्हणाले, पत्र चिकटवू नका, वाटेत उघडून वाचतात. वाचू देत. आमच्या घरात लपवण्यासारखं काही नाही, आणि असलं तरी त्यांच्या कामाचं नाही.

आता बातमी. घाबरू नकोस, सगळं होऊन गेलेलं आहे आणि निलम समोर अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत बसली आहे.

मे महिन्यात आपल्या पाड्यावर घरोघर ताप होता. तपासायला कोणी गेलं नाही, पण सगळ्यांना कळत होतं कशाचा ते. तुझ्या आईच्या तोंडाची चव गेली आणि माझ्या कालवणात मीठ नाही म्हणून पंधरा दिवस भांडली. निलमला काहीच झालं नाही. साधी शिंकसुद्धा नाही. मी म्हटलं, सुटली पोर.

महिना उलटून गेल्यावर तिला ताप आला. डोळे लाल झाले. मला वाटलं डोळे आलेत, म्हणून पाणी मारत राहिले. मग अंगावर पुरळ, ओठ फुटलेले, पोट दुखतंय म्हणून रडारड, हात सुजलेले. तलासरीला मलेरियाचं रक्त तपासलं, नव्हता. डहाणूला नेलं, तिथून अमृतनं गाडी करून सिल्वासाला. माझा भाऊ कधी नव्हे तो कामाला आला. गाडीतच ती भलतंसलतं बोलायला लागली आणि तिला झटका आला.

डॉक्टरांनी रक्त बघून सांगितलं की करोना हिला होऊन गेलाय, आपल्याला कळला नाही. आता आजार करोनाचा नाही, त्याच्या मागून आलेला आहे. शरीराची राखण करणारी ताकद बिथरते आणि स्वतःच्याच अंगावर उठते. मी चिकूच्या वाडीत कामाला जाते हे कळल्यावर त्यांनी समजावलं, "असं समजा, वाडीत चोर शिरला. राखणदारानं गोफण काढली. चोर पळाला, पण राखणदार थांबेच ना, घरच्यांनाच दगड मारत सुटला."

तुझ्या बापानं जन्मभर नरपडला वाडी राखली, हे डॉक्टरांना काय माहीत! तुझी आई उठलीच. "माझ्या नवऱ्यानं कोणाला दगड मारला नाय. राखणदाराला नाव ठेवू नका." डॉक्टर म्हणाले, "बरं गंगीबाई, राखणदार चांगला. हाच एक वाईट." मग ती खाली बसली.

सलाईनमधून महागडी औषधं दिली, ती सरकारी योजनेत बसली. हृदयाला सूज होती, ती उतरली. डोक्यातही थोडी सूज होती, तीही उतरली म्हणाले. गोळ्यांनी तिचं तोंड पुरीसारखं फुगलंय आणि ती दिवसभर खायला मागते. दर काही महिन्यांनी हृदय तपासायला न्यायचं आहे.

तुझी आई म्हणते, डोक्याचं पत्रात लिहू नको. लिहिलं. तू तब्येत सांभाळ.

संगिता


वेवजी
२ मे २०२२

मिथुनला,

तुझं पत्र मिळालं. तू विचारतोस, निलम माझी आठवण काढते का, तिच्या हातून दोन ओळी लिहून पाठव. तिची शाळा नुकतीच सुरू झाली होती, मग परीक्षा आली. पुढच्या वेळी बघू.

हृदय चांगलं आहे, परवाच मशीनवर बघितलं. तोंडही उतरलं. धावते, आंब्यावर चढते. फक्त थकते लवकर, दुपारी झोपल्याशिवाय तिला चालत नाही. आणि शब्द हरवतात. म्हणजे शब्द तिला माहीत असतो, तोंडापर्यंत येतो आणि तिथेच बसून राहतो. चिकू उतरवायच्या बेडणीला म्हणते, "ती लांब, जाळीवाली, वरून खाली आणायची." काम कळलं ना, मग झालं, असं मी म्हणते. पण पाढे तीनच्या पुढे सरकत नाहीत आणि गोंगाट झाला की कानावर हात ठेवते. आजारपणाआधी हीच पोर आख्ख्या पाड्याचं डोकं खायची, तुला माहीत आहे.

आणखी एक सांगायचं आहे, ते विवळवेढ्याच्या जत्रेचं. तुझ्या बहिणीकडून तुझ्यापर्यंत पोचायच्या आधी माझ्याकडून ऐक.

मधे बंद राहून यंदा महालक्ष्मीची जत्रा भरली, म्हणून सगळं गणगोत तिथे. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. पाव्हणा आला की स्वतःचं नाव सांगत नाही. पोराची हनुवटी धरतो आणि विचारतो, "ओळखलंस का? मी कोण, सांग!" पोरानं बरोबर सांगितलं की सगळे हसणार, नाही सांगितलं की त्याहून जास्त हसणार. तूही हेच करायचास. बोटीवरून मे महिन्यात आलास की पिशवी खाली ठेवायच्या आधी.

देवळाच्या पायऱ्यांपासून सुरू झालं. काका, मामी, चुलत आजी, जो भेटेल तो तेच. निलम आधी माझ्यामागे लपली. मग तिनं माझा पदर दातात धरला. मी दोघातिघांना सांगितलं, तिला विचारू नका, ती आजारी होती. तर ते म्हणाले, "अगो पण मला ओळखेल ती." प्रत्येकाला वाटतं की आपण सोडून बाकीच्यांना विसरली असेल.

मग तुझी बहीण आली. बारकीनं हनुवटी घट्ट धरली. "मी कोण? सांग ना. सांगितल्याशिवाय सोडणार नाय." निलमनं जो धक्का दिला, त्यानं बारकी बांगडीवाल्याच्या टोपलीत बसली. कमीत कमी दोन डझन फुटल्या. खरं सांगते, मला आधी हसू आलं. पण वळून बघते तर निलम नाही.

ती गर्दी, ते भोंगे, आणि जिला स्वतःच्या पाड्याचं नाव सांगताना अडखळायला होतं अशी पोर. अमृत एका बाजूनं, मी एका बाजूनं. शेवटी सुक्या बोंबलांच्या दुकानामागे गोणपाटावर सापडली, गुडघ्यात डोकं घालून. दुकानवाली म्हणाली, "मी नाव विचारला नाय. पाणी दिला फक्त." त्या बाईचे मी पाय धरले.

बारकी भर जत्रेत ओरडली, "पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय!" डॉक्टर जेव्हा म्हणतात मेंदूवर परिणाम, तेव्हा ते सुजेबद्दल बोलतात. आपल्याकडे डोक्यावर परिणाम म्हटलं की वेडी, एवढाच अर्थ. दुसऱ्या दिवसापासून पाड्यावरच्या पोरी निलमबरोबर खेळायला येईनात. बारकी तर आपल्या घराचं नावच काढत नाही. बांगड्या भरून दिल्या, तिला नाही, बांगडीवाल्याला.

मला राग आला आहे आणि तो अजून गेलेला नाही. कोणावर, ते विचारू नकोस.

संगिता


वेवजी
१८ डिसेंबर २०२२

मिथुनला,

तू पुन्हा तेच विचारलंस आणि या वेळी खाली रेघ ओढलीस. ठीक. सरळ लिहिते.

नाही. निलमला तू आठवत नाहीस.

बाप म्हणजे काय ते तिला कळतं. तिचा बाप बोटीवर होता, आता लांब अडकलाय, हे आम्ही सांगितलेलं तिला माहीत आहे. पण तुझा चेहरा, आवाज, तू तिला खांद्यावर बसवून वेवजीच्या नाक्यापर्यंत न्यायचास ते, यातलं काही तिच्याकडे नाही. मी हळूच विचारून बघितलं. ती खूप प्रयत्न करते, कपाळाला आठ्या पडतात, आणि मग माझं मन राखायला म्हणते, "हां, आठवला." पुढे विचारलं की काही नाही. म्हणून मी विचारणं सोडून दिलं.

हे मी तुला दोन पत्रं लिहिलं नाही. तू तिथे भिंतीकडे बघत बसणार, आणि मी इथून तुला भिंतच पाठवणार, असं वाटलं.

पावसाळ्यानंतर तिला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चित्रं दाखवली, गोष्ट सांगून परत सांगायला लावली, ठोकळे जुळवायला दिले. तुझी आई मागे बसून प्रत्येक उत्तर पुटपुटत होती. घुबडाचं चित्र आलं तर चक्क घुबडासारखा आवाज काढला. नातीचे मार्क कमी पडायला नकोत! बाईंनी दोनदा सांगितलं, मग हात धरून बाहेर नेऊन बसवलं. म्हणाल्या, "आजी, तुम्ही पास झालात. आता हिला काय येत नाही ते मला कळू द्या, तरच मी काही करू शकेन."

त्यांनी जे सांगितलं ते तसंच लिहिते. पोर वेडी नाही, मतिमंद नाही. जे समोर आहे ते तिला नीट कळतं. साठवलेलं बाहेर काढायला वेळ लागतो, आणि घाई केली, परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, की दार आणखी घट्ट बसतं. सुधारणा होतेय. बहुतेक मुलं या आजारातून चांगली उठतात. काहींना असं मागे राहतं, ते किती वर्षं राहील हे अजून कोणालाच नक्की सांगता येत नाही, कारण आजारच नवा आहे. डॉक्टरनं माहीत नाही म्हणायला छाती लागते. मला त्या बाई आवडल्या.

तुझ्याबद्दलही मीच विचारलं. बाप कसा काय पुसला गेला? त्या म्हणाल्या, वडील घरी किती असायचे? मी म्हटलं, ऑगस्टला बोट सुटते, मे महिन्यात येतात. त्या म्हणाल्या, "मग आजारानं किती पुसलं आणि एवढ्या लहान वयात तसंही किती पुसलं असतं, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही."

मला त्या वाक्याचा फार राग आला. एसटीत बसेपर्यंत बाईंचा आला, तलासरीला उतरेपर्यंत तुझा. मग आठवलं, बोटीवर जा असं दर वर्षी मीच म्हणायचे, कारण इथे दुसरं काम नाही. मग राग ठेवायला जागा उरली नाही.

शाळेत आता जयश्री मॅडम म्हणून नवीन बाई आल्यात. त्यांना मी हे सगळं सांगितलं. त्या निलमला पुढच्या बाकावर भिंतीकडून बसवतात, तोंडी परीक्षा घेत नाहीत, आणि तिनं शब्द शोधायला घेतला की बाकीच्या पोरांना गप्प बसवतात. पाढे पाचपर्यंत आलेत. तुझ्या कल्पनेत ती मोठी हुशार असेल, पण हे पाच मला पंचवीससारखे आहेत.

तू रडशील, मला माहीत आहे. रड. तिथे तरी कोण बघतंय?

संगिता


वेवजी
१४ मे २०२३

मिथुन,

हे पत्र अमृतच्या हाती देते आहे. तो वेरावळला तुला घ्यायला येतोय. तुला सोडलंय हे ऐकून मी काय केलं ते तो सांगेलच. मीठमसाला लावून सांगेल, निम्मंच खरं धर. आधी जेव. मग हे वाच. घरी पोचायच्या आत पूर्ण वाच, अर्धं ठेवू नकोस.

मागच्या उत्तरात तू लिहिलंस की तिला माझा फोटो दाखवत जा, म्हणजे मी येईपर्यंत ती मला ओळखेल. तुझ्या आईला तेवढंच पाहिजे होतं. लग्नातला फोटो फाटलाय, म्हणून तो निळ्या शर्टातला, ओख्याच्या जेटीवरचा काढला. रोज सकाळी चहाबरोबर सुरू. "हा कोण? बाबा. बोल, बाबा." निलम पाठ करते तेव्हा मनापासून करते. आठवड्याभरात फोटो समोर धरला की धडाधड म्हणायला लागली, "बाबा!" तुझी आई पदरानं डोळे पुसायची आणि पाड्यावर सांगत फिरायची.

मग एका सकाळी निलम माझ्याबरोबर वाडीत असताना चिकूचा टेम्पो आला. पांड्या ड्रायव्हर निळा शर्ट घालून खाली उतरला. निलम सगळ्या बायकांसमोर पळत गेली, त्याचा हात धरला आणि मोठ्यानं म्हणाली, "बाबा!" तो बिचारा लाल झाला. बायका ज्या हसल्या, त्या अजून हसतायत. वाडीत माझं आणि पांड्याचं काय ते सगळं जुळवून झालं. पांड्याची बायको ठकी मला भेटायला आली होती. भांडायला आली आणि चहा पिऊन गेली.

हसण्यावारी नेलं, पण त्या दिवशी निलमनं माझ्याकडे बघितलं ते मला विसरता येत नाही. तिला वाटत होतं की तिनं बरोबर उत्तर दिलंय. सगळे हसतायत, म्हणजे पुन्हा चुकलंय. ती वाडीत एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसली आणि संध्याकाळपर्यंत तिथून उठली नाही.

मी फोटो ट्रंकेत ठेवला. तुझ्या आईशी आठ दिवस अबोला होता. ती म्हणते, "माझा पोर इतकी वर्षं भोगून येतो, त्याला दारात एक हाक मिळाली तर काय बिघडला?" तिचं चुकत नाही. मी पढवलं असतं तर तू दारात आलास की निलम बाबा म्हणाली असती. तू तिला उचलून घेतलं असतंस, सगळ्यांचे डोळे भरून आले असते. पण ते उत्तर झालं असतं, हाक नाही. तुला ते नको असेल, असं मी धरून चालले आहे. चुकत असेन तर माझ्यावर राग काढ, तिच्यावर नाही.

आता ऐक. दारात गर्दी नको. हार, ढोल काही आणायचं नाही, हे मी सगळ्यांना सांगितलंय. तू घरात ये, खाली बस, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. हनुवटी धरू नकोस. ओळखलंस का, असं विचारू नकोस. तुझ्या तोंडात ते येणार, तुझी सवय आहे, म्हणून आत्ताच वाटेत गिळून टाक. आपलं नाव आपण सांग. "मी मिथुन. मी तुझा बाबा. लांब होतो, आता आलो." एवढंच म्हण. ती "बरं" म्हणेल आणि आपल्या कामाला लागेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सांग. ती विसरली असेल म्हणून नाही. आपल्याला विचारणार नाहीत, आधी सांगतील, याची तिला खात्री वाटली पाहिजे म्हणून.

स्वतःच्या पोरीला स्वतःची ओळख करून द्यायची, हे बापाला काय वाटतं, ते तुला कसं कळणार, संगिता, असं तू मनात म्हणशील. मला कळतं. सिल्वासाला ती शुद्धीवर आली तेव्हा तिनं माझ्याकडे बघून "सिस्टर, पाणी द्या" म्हटलं. मी पाणी दिलं. हे मी तुला कधी लिहिलं नाही, अमृतलाही बोलले नाही. घरी आणल्यावरसुद्धा ती मला अहोजाहो करायची. तुझी आई शेतावर गेली की मी रोज तिच्यासमोर बसून सांगायचे, "मी संगिता. मी तुझी आई." ती मान हलवायची, पाव्हण्यांसमोर हलवतात तशी. मग मी मोरीत जाऊन भांडी घासायचे आणि नळ मोठा सोडायचे.

आणि मग एकदा मी तांदूळ निवडत होते, तिच्याकडे पाठ होती. मागून आवाज आला, "आये, भूक लागली." मी वळून विचारलं नाही, की मी कोण. वळले असते तर ती परत अडखळली असती. उठले, भाकरी वाढली, वर मासळीचं कालवण घातलं. ती जेवली आणि खेळायला गेली. मी तिथेच बसून राहिले, तांदूळ तसाच.

तुलाही ती एक दिवस हाक मारेल. केव्हा ते मला सांगता येत नाही, आणि ती माया आल्यामुळेच मारेल असंही नाही. काहीतरी हवं असेल. पाणी, पेन्सिल, आंबा. तेव्हा तू तिच्याकडे बघत बसू नकोस, जे मागेल ते उठून दे.

संगिता